गोल

बाकावर बसलेली वेझी बोटांच्या बेचक्या खाजवते
आणि मी पाहिलं की हात मांडीखाली सारते.
सहा वर्षांची आहे. लाजायला हिला कुणी शिकवलं?

खिडकीशी ये, म्हणाले. बल्बचा उजेड कातडीबद्दल खोटं सांगतो,
सरोवरावरून येणारा सकाळचा उजेड सांगत नाही.
बोटं फाकव. अशी. बदकाच्या पायासारखी.
ती हसली, आणि बेचक्यांत मला त्या दिसल्या:
केसाएवढ्या बारीक, वाकड्या, राखाडी रेघा,
बोथट पेन्सिलीनं घाईत ओढलेल्या,
टोकाला एकेक बारका फोड.

आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात होतं: लाल पुरळ.
चित्रातलं मूल गुलाबी, पुरळ टोमॅटोसारखं.
इथे न्खाटा बेला आले आणि दोन वर्षं
आमच्या मुलांच्या अंगावर मी लाल शोधत राहिले,
काही नाही, म्हणून घरी पाठवत राहिले.
लाल नव्हतंच. जांभळट होतं, कुठे राखेसारखं,
कुठे नुसतं खरखरीत,
डोळे मिटून बोटांनी वाचावं असं.
किती मुलं परत गेली, मोजलं नाही.
मोजता आलं असतं. रजिस्टर होतं.

रात्री जास्त खाजतं?
तोवेरा मान हलवते. घरात अजून कुणाला?
गप्प. मग चितेंजेची गाठ सोडून
पाठीवरचं तान्हं पुढे घेते. त्याच्या तळव्यांवर फोड.
मग स्वतःचं मनगट.
"सिस्टर, घर मी दिवसातून दोनदा झाडते."
खरूज झाडूला भीत नाही गं.
तिला ऊब लागते, एका चटईवर चौघं झोपतात ती.

ही तिसरी बाटली. दोन्ही वेळा हेच सांगितलं होतं:
मानेपासून खाली, नखांच्या आत, बेंबीत,
तान्ह्याला पाणी घालून पातळ,
घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री.
दोन्ही वेळा बरी झाली, महिन्यात परत आली.
मी तोवेराला आळशी म्हणाले. मनात. पण म्हणाले.

आज वेझीच सांगते, पाय हलवत:
बाबांना नाही लावलं. बाबा रात्री पाण्यावर असतात, दिवे घेऊन.

खुम्बो. उसिपा धरणारा.
अंधार पडता होडी लोटतो, उजाडता येतो
आणि वेझीला कुशीत घेऊन त्याच चटईवर झोपतो.
दुपारी लावलं तर संध्याकाळी
कमरेएवढ्या पाण्यात धुऊन जाणार.
'सगळे' आणि 'एकाच रात्री', माझे हे दोन शब्द
त्या घरात कधी भेटलेच नव्हते.

बाबा घरी कधी झोपतात गं?
"मोठा चंद्र असला की. तेव्हा मासे दिव्याला फसत नाहीत."

भिंतीवरच्या कॅलेंडरात सगळं आहे, चंद्र नाही.
रखवालदाराला विचारलं. त्यानं बोटांवर मोजलं: मंगळवार.
कार्डावर 'औषध' पुढे बाटलीचं नाव लिहिलं,
'केव्हा' पुढे एक गोल काढला,
त्याच्या आधी एक, नंतर एक, जरासे चेपलेले.
तीन रात्री. कपडे उकळत्या पाण्यात, मग उन्हात.
आणि ऐक, खाज लगेच जाणार नाही.
किडा मेला तरी अंगाला दोनतीन आठवडे त्याची आठवण राहते.
घाबरून पुन्हा पुन्हा लावू नकोस.
वेझीनं कार्ड हातात धरलं. आईकडे दिलं नाही.

मंगळवारी रात्री मी अंगणात आले.
पाणी उजळलेलं, त्यावर एकही दिवा नाही.
माझंच मनगट खाजायला लागलं, उगाच.
तरी आत जाऊन टॉर्च लावला,
बोटं फाकवली, नीट बघितलं.