राखेतलं बी

निंगव्वा धारवाडला गेली लेकीकडे, गुडघ्यांसाठी.
तुळशीचं लगीन उरकलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी
कुंपणावरून तिनं घराची किल्ली दिली
आणि एक डबा, बिस्किटाचा,
झाकण दोऱ्यानं बांधलेलं.
"लावा," म्हणाली. पुढचं कन्नडात, भराभर.
एसटी सुटायची होती,
मी नुसतं हूं हूं केलं.

डब्यात राख. हात घातला तर गार,
पिठाहून मऊ.
बोटांना दाणे लागले. घेवडा, एवढं कळलं.
कसला, ते नाही.
तळाशी एक चिठ्ठी,
अक्षरांना ताणे फुटलेले,
एकाचा वेल दुसऱ्यात गेलेला.
एकतीस वर्षं शेजार. तिची भाषा मी बोलते,
मोडकी, बाजारापुरती, भांडणापुरती.
वाचायची कधी वेळच आली नाही.

शट्टुप्पा म्हणाला, काळा घेवडा हाय, पैज लावतो.
यल्लूबाईनं एक दाणा दाताखाली फोडला,
थुंकला,
काही बोलली नाही.

यंदा कडोलीत थंडी लवकर पडली.
मार्कंडेयच्या अंगानं धुकं येतं
आणि नऊ वाजेस्तोवर कोबीत बसून राहतं.
आमच्या गल्लीत आठ परडी, बोअर एक,
आणि थ्री-फेज रात्री दीडला.
सोमवारची पाळी आमची आणि निंगव्वाची.
डोक्याला मफलर, पायात नवऱ्याचे जुने बूट,
बॅटरी दातात धरून मी बारं फिरवते.
आधी पाण्याचा आवाज येतो, मग पाणी.
बोअरचं पाणी ह्या दिवसांत कोमट असतं.
बूट काढून मी त्यात उभी राहते,
गरजेपेक्षा थोडी जास्तच.

तिच्या परड्यात घेवडा चढला,
माझ्या परड्यात नवलकोल आडवे वाढले.
मेथी दोनदा खुडली.
मुळा कोणी विकत घेईना,
मग सगळ्यांनी एकमेकांना मुळाच दिला.

यळ्ळ अमावास्येला चरग टाकायची तिचीच रीत.
ती पुढे शिंपडत जायची, मागे न बघता,
तोंडानं काहीतरी म्हणत.
यंदा मी गेले, कडबू कुस्करून,
तिळाच्या भाकरीचे तुकडे,
वांग्याची भाजी थोडी.
म्हणायचं मला अर्धंच आठवलं.
उरलेलं मराठीत म्हटलं.
मातीनं काही हरकत घेतली नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी शेंगा उतरवल्या.
हिरव्यावर जांभळे शिंतोडे,
जसं कुणी शाईचं पेन झटकलंय.
अशी शेंग मी पाहिलेली,
कुठे ते ओठांवर येईना.
उर्मिलाची धाकटी वाटी घेऊन आली, भाजीपुरत्या न्यायला.
चौथीत आहे, कन्नड आहे तिला शाळेत.
चिठ्ठी दिली. बोट ठेवून वाचायला लागली,
मं. जु. ळ. क्क.
थांबली. माझ्याकडे बघितलं.
कोट्टिद्दु.
"आक्का, तुमचंच नाव हाय की हो.
मंजुळाक्कानं दिलेलं, असं लिहिलंय."

मी? कधी?
मग उंबऱ्यावरच बसले.
माहेरचा घेवडा, कोवाडचा,
आईनं पदराच्या गाठीत बांधून दिलेला.
माझं बी उंदरांनी खाल्लं त्याला पाच वर्षं झाली.
रडले नव्हते तेव्हा,
बियांसाठी कोण रडतं,
पण नंतरच्या एकाही भोगीला
भाजीला ती चव नव्हती,
आणि मी मसाल्याला दोष देत राहिले.
तेव्हा कुंपणापलीकडे
दर वर्षी हे उगवत असणार.
तिच्या मांडवाकडे मी कधी नीट पाहिलंच नाही,
पाहिलं ते फक्त तिच्या कोंबड्यांकडे,
माझ्या कोथिंबिरीत शिरल्या की.

रात्री धारवाडला फोन लावला.
मी गुडघ्याचं विचारलं,
तिनं कढीपत्त्याचं.
घेवड्याचं सांगितलं तशी हसली,
मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाली,
"बीजक्क बिडरी."
बियाला सोडा. सगळं खाऊन टाकू नका.

एवढं कन्नड मला येतं.

मांडवाच्या शेंड्याला सहा शेंगा ठेवल्यात,
लाल चिंधी बांधून, पोरांना दिसावी अशी.
आज सोमवार.
दीडला उठायचंय.