चतुःसीमा

रवळू,
वडगावात जागा बघितलीस म्हणे.
एजंट चहा पाजतो,
येळ्ळूरच्या रस्त्याकडं हात करून म्हणतो,
दोन वर्षांत बघा भाव कुठं जातोय.
जाऊ दे की. खरं तू उद्या दुपारी तीनला
एकटाच जा, त्याला न सांगता,
आणि गल्लीतले बॅरल मोज.

घरापुढं दोन असले तर पाणी चौथ्या दिवशी येतं.
पाच असले, झाकणावर दगड, तर आठव्या.
आणि बॅरलला साखळी-कुलूप दिसलं
तर तिथूनच गाडी वळव.

मालकाला काही विचारू नकोस.
धुणं वाळत घालणाऱ्या बाईला विचार,
किती वाजता येतं, धार केवढी,
रात्री लूम किती वाजेपर्यंत चालतात.
ती खरं सांगेल. तिला काही विकायचं नाही.

भिंतीचा रंग बघू नकोस,
गुडघ्याच्या खाली बघ.
नाल्याचं पाणी येऊन गेलेल्या भिंतीला
एक रेघ असते. तीनदा चुना मारला
तरी घामासारखी वर येते.
आम्हाला दिसली होती ती.
तुझे काका म्हणाले, सावली असेल.

मग कागद.
शंभराच्या बाँडवर सही केली
म्हणून जागा आपली होत नाही,
एवढं शिकायला आम्हाला एकोणीस वर्षं लागली
आणि माझ्या पाटल्या.
उतारा काढ. खातं कुणाच्या नावावर, बघ.
बोजा बघ, जमेल तेवढा मागचा.
विकणाऱ्याच्या बहिणीची सही आहे का बघ.
विकणाऱ्याला बहीण असतेच,
हुबळीला दिलेली, सगळ्यांनी विसरलेली,
आणि ती नेमकी वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी येते.

सगळं कन्नडात असतं.
लाज धरू नकोस. मी धरली.
कचेरीत समजल्यासारखी मान हलवत राहिले
आणि दाखवलं तिथं सही केली.
आठ वर्षांनी शेजारच्या गंगव्वानं
शेवयांचे हात पदराला पुसले, चष्मा लावला,
आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं:
पूर्वक्के रस्ता.
पश्चिमक्के मुचंडींची भिंत.
उत्तरक्के गटार.
दक्षिणक्के...
तिथं बोट थांबलं. उठून मागच्या दारी गेली,
पावलं मोजत परत आली.
म्हणाली, अक्का,
तुमचा संडास ह्या कागदात न्हाई.

जन्मल्यापासून सीमा सीमा ऐकत आले मी.
काळ्या दिवशी दंडाला फीत बांधून
आईच्या मागनं चालले, पायात चप्पल नव्हती.
खरं घराच्या चार सीमा
कुणी वाचून दाखवल्या नाहीत,
आणि मीही कुणाला विचारलं नाही.

हप्त्याचं तू बघ, तुला कळतं.
खरं एक, पहिल्या वर्षी कुणीतरी आजारी पडतंच,
नाहीतर मोटर जळते.
तेवढे पैसे घराला सांगू नकोस.
रेश्माला घेऊन जा. ओट्यापाशी उभी राहू दे तिला,
हात वर करू दे, फळी किती उंच ते कळेल.
नाव तिचंही घाल, आधी घातलंस तरी चालेल.

आणि कागद वाचायला गंगव्वा येते म्हणाली.
सोमवारी नको, उपास असतो.
चष्मा विसरते, निघताना आठवण कर.
पैसे घेणार नाही, पावशेर कुंदा आण.

आमचं चाललंय.
दक्षिणेला सिद्धाप्पाचा नंबर आहे.
तो गेला, आता त्याचा पोरगा बघतो,
अजून काही बोललेला नाही.
दिवाळीला फराळाचं पहिलं ताट
त्याच्याकडं पाठवते.