डावा कान

मंगळवारी म्हाताऱ्यांना धुलाई अर्ध्या दरात,
म्हणून गॅरी शहरात, अर्नेस्टीनच्या लाँड्रीत
आम्ही मंगळवारीच मळतो, असं ती म्हणते.
क्लिओटिस, वॉर्डेल आणि मी.
पोलाद कारखान्याची तीन पेन्शनं,
मिळून धड गुडघे दोन.

विषय तोच. लेम्युएल गँट.
ज्याला सगळे ऐरण म्हणायचे,
ज्याचा पुतळा परवा बसवला बस स्थानकासमोर,
मुठी वर, आणि नाक
होतं त्यापेक्षा बरंच सरळ.

"फुगवलेला फुगा," क्लिओटिस म्हणतो, पावडर मोजत.
"हेवीवेटमध्ये तेव्हा उरलं होतं कोण?
एक म्हातारा, एक तुरुंगात,
आणि फिलाडेल्फियाचा तो डावखुरा,
त्याला सात वर्षं टाळलं यानं.
सात वर्षं! मी मेव्हण्यालाही एवढं टाळलं नाही.
वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय."

वॉर्डेल पेटतो.
वॉर्डेलकडे ऐरणीची सही आहे,
चर्चमधल्या पुठ्ठ्याच्या पंख्यावर,
अंत्यविधीवाल्याच्या जाहिरातीच्या जरा वर.
"त्याचा जॅब आठव. नुसती चिठ्ठी असायची ती,
'येतोय' एवढंच लिहिलेली.
मागून उजवा हात यायचा, सामानसुमानासकट."

"भांडू नका, आकडे आहेत,"
अर्नेस्टीनचा नातू जमारियन फोनमधून डोकं न काढता म्हणाला.
"बेचाळीस विजय. त्यात बघा,
एक ट्रकवाला. एक सलग पाच हरून आलेला.
एकाचं तर वजनच खोटं.
आणि हा, अकरा जिंकल्या, नऊ हरल्या,
दुसऱ्या फेरीत आडवा.
ऑरविल क्रेनशॉ. हे नाव तरी कुणी ऐकलंय?"

एका मशीनमधलं पाणी घळाघळा गेलं.
क्लिओटिसला अचानक एक मोजा सापडेना.
ड्रायरच्या गोल काचेआड माझा निळा शर्ट
वर जात होता, पडत होता,
वर जात होता, पडत होता,
त्याच्यासाठी कुणी दहा आकडे मोजत नव्हतं.

"ऐकलंय," मी म्हटलं. "माझंच आहे."

पन्नास वर्षं मांडतोय मी हा हिशेब.
तो मोठा, तर मी डोंगरावरून पडलो.
तो छोटा, तर उंबऱ्याला अडखळलो.
पडणाऱ्याला उंची सगळ्यात जवळून दिसते,
पण तेव्हा हातात फीत नसते,
ग्लव्ह असतात.

पोरगं लाजलं. तरी विचारलंच त्यानं,
"मग तुम्ही सांगा, मिस्टर क्रेनशॉ,
होता का तो एवढा मोठा?"

झाकली मूठ सव्वा लाखाची.
मी ती मेबललाही उघडून दाखवली नाही,
आणि मेबल तर आता नाहीच.
त्या रात्री माझ्या कोपऱ्यात बादली लवंडली होती.
ठोसा कानावर बसला, हे खरं.
पाय ओल्यावरून गेला, हेही खरं.
त्यात ठोसा किती आणि पाणी किती,
ते पंचाला कळलं नाही,
मला नाही,
आणि ऐरणीला तर नाहीच, तो हात वर करून
गर्दीकडे वळला होता.

एवढंच सांगू शकतो,
तेव्हापासून डावा कान गुणगुणतो.
आधी वाटायचं, कारखान्याचा भोंगा असेल.
मग भट्ट्या विझल्या, भोंगा बंद झाला,
माणसं ट्रकमध्ये पलंग घालून निघून गेली.
कान थांबला नाही.
पुतळा त्यांनी चौकात ठेवलाय.
माझ्या वाट्याचा वारसा
मी उशीवर घेऊन निजतो.

हे सगळं मी बोललो नाही.
"या बाजूनं विचार," एवढंच म्हटलं,
"त्या बाजूचं मला ऐकू येत नाही."
तो उठून उजवीकडे येऊन बसला,
आणि मग काही विचारलंच नाही त्यानं.

"अकरा," थोड्या वेळानं वॉर्डेल म्हणाला,
"अकरा म्हणजे काही कमी नाहीत."

माझा ड्रायर थांबला होता. शर्ट अजून दमट.
क्लिओटिसनं न विचारता त्यात दोन नाणी टाकली
आणि माझ्या डावीकडून काहीतरी पुटपुटला.
डावखुरा, हा शब्द असावा.