थुंकी

अकरा वर्षांपूर्वी अडावदच्या ओट्याओट्यांवर
मी थुंकी झेलली.
म्हणीतली नव्हे. खरीखुरी,
झाकणाच्या नळीत, दोन मिलिलिटर.
मिसरी लावणाऱ्या बाया खिदळायच्या,
एवढं शिकून पोरगं हेच गोळा करतंय!

बर्फ केळीच्या वखारीतून उसना.
थर्माकोलचा खोका मांडीवर,
चोपडा ते जळगाव, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचा
तान्ह्यासारखा.

कौतिकाबाई देवरेंनी अंगठा उठवला त्या कागदावर
'व्यापारी वापर' असे दोन शब्द होते.
मी वाचून दाखवले नाहीत.
ऊन चढत होतं,
अजून चौदा घरं राहिली होती.

पुढे कुठल्याशा प्रयोगशाळेत
त्यातलं एक प्रथिन बोलायला लागलं,
म्हणे गाठ हाताला लागायच्या दोन वर्षं आधी.
बारशाआधीच त्याचं पेटंट झालं.

आता जळगावात माझ्याच काउंटरवर
त्याची चकचकीत डबी येते.
सहा हजार आठशे.
केळीचा भाव पडतो, हिचा पडत नाही.

परवा कौतिकाबाईंची सून आली.
किंमत ऐकून पदर तोंडाशी नेला.
सासूबाई कशा आहेत, मी विचारलं.
"गेल्या. तोंडाचाच होता."
मग जाता जाता, दारातून,
"इचारायच्या कधी कधी,
तो भाऊ थुंकी लई गया,
ती काय बोलनी वं?"

डबी कपाटात परत ठेवली.
गिळायला गेलो,
तोंडात काहीच नव्हतं.