घाम गाळायचा नाही

केस्किल, कुदळ हळू.
इथे घाम गाळणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही.
पाठीवरून ओघळलेला थेंब
तू थांबलास की पाठीवरच गोठतो,
आणि थांबावं तर लागतंच कधी ना कधी.
म्हणून आधीपासूनच हळू.

आज वजा त्रेपन्न. लेना नदी दगड झालीय,
आणि तिच्यात ही बोट, ऑक्टोबरपासून
कमरेपर्यंत रुतलेली.
हिच्या पोटाचा पत्रा मेच्या आत बदलायचाय.
पोटाखाली जायचं तर खंदक खणायचा,
बर्फातच. आणि बर्फाखाली पाणी
अजून वाहतंय, ऐकू येत नसलं तरी.

एक वीत खण. मग सोडून दे.
चार दिवस थंडीला तिचं काम करू दे.
ती तळाखाली आणखी एक वीत गोठवेल,
मग तू वरून एक वीत काढ.
आपण खणत नाही रे, थंडीच्या मागून चालतो.
तिच्यापुढे गेलास की पाणी वर येतं,
तीन आठवड्यांचा खंदक तीन मिनिटांत भरतो,
कधी रिकामा,
कधी माणसासकट.

ठोकून ऐक. ठक्क आला तर चालू दे.
डब्ब आला, किंवा तळ काळसर दिसला,
तर कुदळ तिथेच टाकून वर ये.
कुदळीचं मी बघेन.

लोखंडाला उघडा हात लावू नकोस.
चिकटलाच, तर ओढू नकोस. कोमट चहा ओत.
मी ओढला होता. एकोणीस वर्षांचा होतो, घाई होती,
कसली ते आता आठवत नाही.
कातडी पत्र्यावर राहिली, मार्चात दोन बोटंही गेली.

माझ्या गालाकडे बघत जा, मी तुझ्या बघतो.
पांढरा पडलेला गाल दुखत नाही, तीच तर गोम आहे.
दिसला की सांग. बर्फ चोळायचा नाही,
माझे आजोबा चोळायचे, ते जाऊ दे.
नुसता तळवा ठेवायचा,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

आणि बोलत राहा. मी विचारेन,
तुझ्या आईच्या गाईचं नाव काय?
सरळ सांगितलंस तर काम पुढे.
अडखळलास तर शेगडीपाशी, वाद नको.

हे सगळं मी सकाळी सांगितलं.

दुपारी धुकं इतकं उतरलं
की बोट निम्मी पुसली गेली.
मला छान वाटत होतं, जरा उबदारच.
कॉलर उघडावी म्हणून हात वर नेला, तेवढ्यात तो म्हणाला,
गाव्रील, तुमच्या गाईचं नाव काय?

मी सांगितलं. नीटच सांगितलं, असं मला वाटलं.
त्यानं माझी कुदळ काढून घेतली,
बाही धरली, आणि काही न बोलता
मला शिडीवर ढकललं.

खोलीत साखर घातलेला चहा, दुसरा कप, तिसरा.
मग अंगात कापरं भरलं, दात वाजायला लागले,
आणि त्यातून कुठूनसं ते नाव आलं: झोरका.
त्यानं मान हलवली. हातमोजे काढा, म्हणाला,
बोटं मोजू द्या.

आठ.
मी म्हणालो, सकाळीही आठच होती.