मतदान अधिकारी क्रमांक दोन

साताऱ्यातून एसटी. बामणोलीतून लाँच.
मग चिखल.
मे महिन्यात कोयनेचं पाणी इतकं उतरतं
की बोट काठाला टेकतच नाही.
केंद्राध्यक्ष निकम सरांनी कंट्रोल युनिट
जावळाच्या पोरासारखं छातीशी धरलेलं,
माझ्या डोक्यावर व्हीव्हीपॅट,
आणि पुढे लाँचवाला धाकलू ढेबे, काठीने चिखल चाचपत :
'हितं पाय द्या बाई. तितं नको.
तितं आमची जुनी हीर हाय.'

एकसष्ट मतं.
तेवढ्यासाठी शाळेची एक खोली, चार माणसं, एक होमगार्ड,
अकरा तऱ्हेची पाकिटं, लाख, मेणबत्ती
आणि शाईची बाटली. ती कलंडू नये म्हणून
वाटीभर वाळूत रोवायची, असं पुस्तिकेत आहे.
वाळू नव्हती. धाकलूने धरणाचा गाळ आणून दिला.

चौथीची बुटकी बाकं आम्ही अर्धगोलात मांडली :
यादी, शाई, बटण.
वर्गात मी फळ्यावर काढते ती आकृती आठवली,
घोड्याच्या नालेसारखी आसनं,
अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार, डाव्या हाताला विरोधक.
'बाई, कनिष्ठ सभागृह म्हंजे धाकलं?'
सातवीतल्या तेजल बाबरने विचारलं होतं,
'मग पैशाचं विधेयक धाकल्याकडंच का आधी?'
मी म्हटलं, परीक्षेला येत नाही ते.

साडेपाचला अभिरूप मतदान.
एकाही पक्षाचा एजंट इतक्या लांब आला नाही.
पंधरा मिनिटं वाट पाहून आम्हीच
पन्नास खोटी मतं दिली, मोजली, पुसली.
पडद्यावर शून्य.
सरांनी ते मोठ्यांदा वाचलं,
रिकाम्या खोलीला ऐकू जाईल असं.

दुपारपर्यंत सव्वीस.
कोपरखैरण्याहून रात्रभर बसलेला एक माथाडी,
यादीत नाव त्याचं, फोटो बापाचा.
एक नवी सून, नाव अजून माहेरी. परत गेली.
सत्तावीस वर्षं मी बोटं तपासते आहे,
नखं कापली का, कापली का नखं.
आज पहिल्यांदा कुणी हात मागे घेतला नाही.

सहा वाजता जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या द्याव्यात,
शेवटच्या माणसापासून सुरुवात करून.
त्या अख्ख्या पुस्तिकेत मला आवडते ती ही एक ओळ.
सहाला एक मिनिट कमी.
रांगेत एकटा धाकलू.
दिवसभर पल्याडची मतं अल्याड आणत होता.
शेवटचा तोच, पहिलाही तोच.
चिठ्ठी क्रमांक एक, खाली सरांची पूर्ण नावानिशी सही.

डिझेलने माखलेल्या बोटावर शाई धरेना.
फडक्याने पुसलं, पुन्हा लावली.
'बोटीचं बोट हाय बाई,' तो म्हणाला,
'ऱ्हाईल का पण?'
नखाच्या मुळाशी राहिली.
काचेमागे सात सेकंद कागद,
मग यंत्राची लांबलचक शीळ.

परतताना, अंधारात :
'तितं दिल्लीत पण शाई लावत्यात का?'
'नाही. घंटा वाजते, दारं लावतात, मग बटणं.
हिरवं, तांबडं, पिवळं.'
'पिवळं कशाला?'
'मी आलोय, पण कुणाच्याच बाजूचा नाही, म्हणायला.'
थोडा वेळ नुसतं इंजिन बोललं.
'आन् त्यो मधी बसतो, त्याचं मत?'
'दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच. सगळ्यांच्या शेवटी.'
'मंग माझ्यागतच की त्यो.
समद्यांना पल्याड नेल्यावर.'

सरांच्या मांडीवर एकेचाळीस,
लाखेचा वास अजून कोमट.
माझं स्वतःचं मत टपालाच्या पाकिटात, कुठेतरी पुढे गेलेलं.
धाकलूने काठी न घेताच लाँच वळवली,
विहिरीला बगल देऊन.