हजेरी

लॉ कॉलेज रस्त्यावर, आर्काइव्हच्या थिएटरात
प्रवेश फुकट होता आणि एसी जरा जास्तच.
पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मफलर शेवटपर्यंत सोडला नाही.

पडद्यावर दोन मुलं.
गावाचं नाव वाचता आलं नाही,
अक्षरांच्या डोक्यावर टिंबं होती.
एका पेन्सिलीचे दोन तुकडे करून लिहायची दोघं,
आणि मोठा तुकडा कुणाचा यावरून रोज भांडायची.
मग एका सकाळी बाक अर्धा रिकामा.
मास्तर हजेरी घेत त्या नावापाशी येतात,
चष्मा काढतात, पुसत राहतात,
आणि उरलेला मुलगा, जागेवरूनच, खालच्या आवाजात
त्याच्या वतीने ओ देतो.

खिशात रुमाल होता. मी काढला नाही.

रास्ता पेठ, पाचवी ब.
पेझारकर हायम, सव्वीस नंबर.
शनिवारी आमची सकाळची शाळा आणि त्यांचा शब्बाथ.
मी घसा बसल्यासारखा आवाज काढून म्हणायचो, हजर.
गुर्जर सर मान वर करायचे नाहीत.
वर्षभर त्यांनी ती लबाडी
वळणदार अक्षरात लिहून घेतली.
घरी मलिदा झाला की हायम डब्यात आणायचा,
खोबरं सगळं माझ्या बाजूला.
लाच होती की मैत्री, कुणी विचारलं नाही.

पुढे तो गेला, आईबापांबरोबर, बोटीने, त्यांच्या देशात.

पण हायम, तुला कुणी नेलं नव्हतं.
हे आज अंधारात मला स्वतःला दोनदा सांगावं लागलं.
पुणे स्टेशनवर तुझी आई रडता रडता
सगळ्यांना पेढे देत होती.
तुझ्या हातात नवी ट्रंक, माझ्या हातात तुझा भोवरा,
आणि गाडी हलल्यावर खिडकीतून तू हासडलेली शिवी,
आपली नेहमीचीच.
ती केवढी चैन होती
हे कळायला मला साठ वर्षं लागली,
आणि दुसऱ्याच कुणाचा अर्धा बाक.

दिवे लागले. खुर्च्या न वाजवता लोक उठले.
बाहेर गाडीवर एकजण भुर्जीसाठी कांदा चिरत होता.
रिक्षावाल्याने विचारलं, कुठं?
रास्ता पेठ, म्हणालो.
मी राहतो कोथरूडला.

त्या मुलाच्या मित्राचं नाव मला उच्चारता येत नाही.
डेक्कन येईतो दोनदा प्रयत्न केला, जीभ वळेना.
तिसऱ्यांदा नाव सोडूनच दिलं,
नुसतं म्हणालो, हजर.

काका, काही बोललात?

नाही.
चला तुम्ही.